क्लॅरिनेटचा हस्तिदंती भाग

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, लाकडातून सूर कसा जन्माला येतो, त्यावर लिहा ना. तुमचं आयुष्य त्यात गेलंय." मी म्हटलं, "लाकडातून नाही हो, रबरातून येतो." मग त्या हळूच म्हणाल्या, "तेवढं नाही लिहिलंत तरी चालेल." म्हणून मी तेच आधी लिहून टाकते आहे. ज्यांना चंदनाचा सुगंध, सोनेरी भुसा आणि पांढऱ्या दाढीचा कारागीर हवा असेल त्यांनी पान उलटावं. पुढच्या पानावर बहुधा राशिभविष्य असेल.

ज्यांनी पान उलटलं नाही त्यांच्यासाठी सांगते. वरातीत लाल कोटातला एक माणूस सगळ्यांच्या पुढे उभा राहून चकचकीत चाव्यांची काळी नळी वाजवत असतो. ती नळी म्हणजे क्लॅरिनेट. तुम्ही तिला सनई म्हणता. जोगेश्वरी पूर्वेच्या एका औद्योगिक वसाहतीत, पुठ्ठ्याचे खोके बनवणारा आणि लोखंडी कपाटं रंगवणारा यांच्या मधल्या गाळ्यात, माझा थोरला भाऊ वसंतदादा आणि मी ही नळी बनवत आलो. बाबा गिरणीत फिटर होते आणि फावल्या वेळात बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करायचे. गिरणी गेली, फावला वेळ तेवढा राहिला, त्यातून हा धंदा उभा राहिला. दादा लेथवर, मी टेबलावर. आता माझी नजर बारीक कामाला पुरेनाशी झाली, म्हणून मी घरी बसते आणि लोकांना नावं ठेवते. तेही काम मला बऱ्यापैकी जमतं.

तर रबर. गंधक घालून कडक केलेल्या रबराला एबोनाइट म्हणतात. त्याची काळी कांडी लेथवर, म्हणजे कातायच्या यंत्रावर, चढवली की असा काही वास सुटतो की पाहुण्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. एका बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, इथे ड्रेनेजचा काही प्रॉब्लेम आहे का. कुणी मुद्दाम मागितलं तर शिसवीचं वाद्यही बनवतो, पण आपल्या हवेत ते लाकूड फुगतं, आकसतं आणि एक दिवस चिरतं, आणि वरातीवाल्याला भर वरातीत चिरलेलं वाद्य घेऊन कुठे तोंड दाखवता येत नाही. कांडीला आरपार भोक पाडायचं, बाहेरून ती कातायची, मग बोटांची भोकं पाडायची. प्रत्येक भोकाची आतली कड किंचित घासावी लागते, नाहीतर सूर कोंडल्यासारखा येतो. किती घासायची ते दादा करंगळीने चाचपून ठरवतो. त्या वेळी त्याच्याशी बोललेलं त्याला चालत नाही. एरवीही फारसं चालत नाही.

चाव्या मेरठहून कच्च्या ओतीव येतात. त्या घासायच्या, वाकवायच्या, बसवायच्या. स्प्रिंगा शिवणाच्या सुयांच्या करतो. चावीच्या पोटाला एक गोल गादी असते, आत दाबलेल्या लोकरीचा नमदा आणि वर पातळ पापुद्रा, ती लाख वितळवून चिकटवायची. चावी मिटली की गादीने भोकाचं तोंड चहूबाजूंनी सारखं दाबलं पाहिजे. केसाएवढी फट राहिली तरी वारा गळतो आणि वाजवणारा आमच्या आईवडिलांचा उद्धार करतो. हे गाद्यांचं काम माझं. पातळ कागदाची पट्टी गादीखाली धरायची, चावी मिटायची आणि पट्टी हळूच ओढायची. सगळीकडून सारखी अडली की गादी बसली. माझ्या हातची गादी गळते असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि प्रयत्न पुष्कळांनी केले आहेत.

मध्यंतरी कुणीतरी आमच्याबद्दल इंटरनेटवर लिहिलं. आपण मुंबईतले शेवटचे क्लॅरिनेटवाले आहोत हे आम्हाला तिथूनच कळलं. तेव्हापासून गाळ्यावर पाहुणे यायला लागले. पाहुणा आला की आधी लेथकडे बघतो आणि त्याचा चेहरा उतरतो. "हे मोटरवर चालतं?" "हो." "मग हँडमेड कसं?" दादा शांतपणे सांगतो, "मोटर मी हातानेच चालू करतो." पाहुणा ते मोबाइलवर टिपून घेतो.

गोरेगावहून शूटिंगवाले आले होते त्यांची तर तऱ्हाच वेगळी. त्यांच्या सिनेमातला नायक गरीब बँडवाला होता. असिस्टंट म्हणाला, "नायक गरीब आहे ना, म्हणून वाद्य गरीब दिसायला पाहिजे." आम्ही नवं कोरं वाद्य दिलं. त्याने खिशातून पॉलिश पेपर काढून ते आमच्यासमोरच खरवडायला घेतलं. दादा चहाला म्हणून बाहेर गेला तो ते लोक जाईपर्यंत परत आला नाही. नायक बघायला म्हणून मी शूटिंगला गेले, तर त्याचा उजवा हात वर आणि डावा खाली. क्लॅरिनेटवर डावा हात वर असतो, हे मी असिस्टंटला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, ऑडियन्स फेस बघते." सिनेमा लागला तेव्हा आम्ही घरी टीव्हीवर बघितला. नायक डोंगरावर उभा राहून डोळे मिटून आमचं क्लॅरिनेट वाजवत होता आणि मागे बासरी ऐकू येत होती. ऑडियन्स फेस बघते हे मला तेव्हा पटलं.

दुसरे मुलुंडचे काका. बँकेतून रिटायर झाल्यावर मोबाइलवर बघून क्लॅरिनेट शिकतात. वाजवताना समोर मोबाइल ठेवतात, त्यात एक काटा हलतो, सूर बरोबर लागला की काटा हिरवा होतो. त्यांचा काटा कधीच हिरवा व्हायचा नाही, आणि दोष अर्थातच आमच्या वाद्याचा. एकदा मी म्हटलं, "काका, जरा कमी जोराने फुंका." ते म्हणाले, "ताई, तुम्ही वाजवता का?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "मग." त्यानंतर मी त्यांना काही सांगितलं नाही. पुढे गोष्टीत ते परत येणार आहेत, म्हणून ओळख करून ठेवली.

मी लिहायला बसले ती खरं म्हणजे दत्तू मास्तरांसाठी.

बँडमध्ये पहिलं क्लॅरिनेट वाजवतो त्याला मास्तर म्हणतात. दत्तू मास्तर घाटकोपरजवळच्या असल्फ्याच्या बाळाशेठच्या बँडचे मास्तर. मूळ आमच्याच बाजूचे, मालवणकडचे, त्यामुळे गाळ्यावर आले की त्यांचा वेगळाच थाट. त्यांच्या हातातलं वाद्य दादाने कातलेलं आणि गाद्या माझ्या. तरुणपणी ते वरचा सूर असा लावायचे की घाटकोपरच्या बायका गॅस बारीक करून गॅलरीत यायच्या. मीसुद्धा ऐकलंय. माझ्या लग्नात वाजवायला तेच होते, आणि नवऱ्यापेक्षा मला त्यांचं वाजवणं जास्त नीट आठवतं.

मागे एका वर्षी गणपती आटोपले आणि एका सकाळी मास्तर पिशवी घेऊन आले. "वसंता, तुझ्या कलारनेटाक कायतरी झाला हा. वरचे सूर फाटतत." एवढं बोलले आणि गाळ्यात लख्ख उजेड पडला. इतकी वर्षं त्या तोंडात पानाने रंगलेले तीन-चार दात लांब लांब उभे असायचे. आता वरच्या बाजूला पांढऱ्याशुभ्र दातांची सरळ रांग होती. आमच्या नजरा तिकडे गेल्याचं बघून मास्तरांनी तोंडावर हात धरला आणि मग जाईपर्यंत काढला नाही. बोलायचे ते हाताआडून.

आता थोडं शास्त्र. क्लॅरिनेटच्या टोकाला माउथपीस असतो. त्याच्या खालच्या बाजूला वेताची पातळ पत्ती बांधतात, तिच्याखाली खालचा ओठ येतो. वरचे दात सरळ माउथपीसवर टेकतात. सगळा जोर तिथे. वर्षानुवर्षं वाजवणाऱ्याच्या माउथपीसवर त्याच्या दातांच्या खाचा पडतात आणि तो डोळे मिटूनसुद्धा त्या खाचांत दात बसवतो. मास्तरांचा माउथपीस मी हातात घेतला तर जुन्या खाचांच्या बाजूला नवे ओरखडे होते, कुठेही, कसेही. वरची कवळी नवी होती. तिला पुढून रेटा बसला की ती मागून सुटते. सुटू नये म्हणून मास्तर आवळून धरणार, आवळलं की पत्ती दबणार, आणि वरचा सूर फाटणार. वाद्य ठणठणीत होतं.

मास्तर चहाच्या टपरीवर गेले तेव्हा मी दादाला म्हटलं, "अरे, दात आहेत ते. कवळी."

"मला दिसत नाही का?"

"मग सांग ना त्यांना."

"काय सांगू? तुझे दात खोटे आहेत म्हणून?"

"हो. तेवढंच सांगायचंय."

"सुले, माणसाने तोंडावर हात धरलाय. आपण बघायचं नसतं."

"आणि वाद्याचं काय करायचं?"

"गाद्या बदलून दे."

"माझ्या गाद्या गळत नाहीत."

"मग न गळणाऱ्या गाद्या बदलून दे," दादा म्हणाला आणि त्याने मोटर चालू केली. आमच्या घरात वाद असाच संपतो.

माझ्या दोषरहित गाद्या मी माझ्या हाताने उपटल्या आणि नव्या बसवल्या. मास्तर वाजवून बघायचे, हाताआडून म्हणायचे, "आता बरा वाटता," आणि आठवडा उलटायच्या आत परत यायचे. मग आम्ही सांध्यांचं बूच बदललं. मग पत्त्या बदलल्या. मग दादाने खालचा कर्णा नवा कातला. कर्ण्याचा आणि वरच्या सुरांचा तसा काही संबंध नाही, पण दादाच्या मनाला बरं वाटलं. त्यांनी आम्हाला दुखवायला नको म्हणून बरं वाटतं म्हणायचं, आम्ही त्यांना दुखवायला नको म्हणून वाद्यात बिघाड आहे म्हणायचं, आणि या सभ्यपणात ते बिचारं क्लॅरिनेट दर वेळी उघडं पडायचं. पुण्याला असतो तर एव्हाना कुणीतरी तोंडावर सांगून मोकळं झालं असतं. आम्ही मुंबईकर फटकळ म्हणून प्रसिद्ध, आणि नेमकं इथे आमचं तोंड शिवलेलं.

दिवाळीच्या तोंडावर मास्तर आले ते पिशवी खाली न ठेवता उभेच राहिले. "बाळाशेठ माका खुळखुळो धरूक सांगता," ते म्हणाले.

बाहेरच्या माणसाला या वाक्यात काही वाटणार नाही. बँडमध्ये सगळ्यात मागे एक म्हातारा असतो, त्याच्या हातात दोन खुळखुळे असतात, ते तो हलवत चालतो. कधीकाळी तोही काहीतरी वाजवत असतो. छाती गेली, दम गेला, कान गेले की मालक त्याच्या हातात खुळखुळे देतो, कारण माणसाला घरी कसं पाठवायचं. लाल कोट तसाच राहतो. बाळाशेठने हातगाडीवर ठेवायला कीबोर्ड घेतला होता. तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू, त्याच्या आधी प्रॅक्टिसला मास्तरांनी वरचे सूर नीट लावून दाखवले तर ते पुढे, नाहीतर कीबोर्ड पुढे आणि मास्तर खुळखुळ्याला. मास्तर हे सांगत असताना त्यांच्या तोंडावर हात नव्हता. मला इतका राग आला की कुणाचा ते कळेना. बाळाशेठचा, कवळी बसवणाऱ्या डॉक्टरचा, की लेथवर वाकून उभ्या असलेल्या माझ्या भावाचा.

दादा म्हणाला, "नवा माउथपीस बनवतो. रविवारी ये."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

नेमक्या त्याच रविवारी मीनल तिची माणसं घेऊन आली. मीनल अंधेरीची, सुट्टीच्या दिवशी लोकांना जुन्या कारागिरांकडे फिरवायला नेते. चांगली मुलगी आहे, फक्त तिला सगळंच ऑथेंटिक वाटतं. आमच्या भिंतीवरचं ऑइलचं कॅलेंडरसुद्धा. तिच्याबरोबर कापडी पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या घेतलेली आठ-दहा माणसं होती, आणि त्यांत मुलुंडचे काका. ते इतरांना अशा पद्धतीने माहिती देत होते की गाळा त्यांचाच असावा. "हा सनईचाच प्रकार," ते म्हणाले. मी काही बोलले नाही, कारण मी वाजवत नाही.

मास्तर कोपऱ्यात स्टुलावर बसून नवा माउथपीस बसवत होते. मीनलला त्यांचा लाल कोट दिसला. प्रॅक्टिसला सरळ इथून जायचं म्हणून ते घालूनच आले होते. "हे प्लेअर आहेत? ओ माय गॉड. सर, प्लीज काहीतरी वाजवा ना." मास्तर हाताआडून नको म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी दादाकडे बघितलं. दादाने मान हलवली. त्याला वाटलं असणार, नवा माउथपीस आहे, होईल कदाचित. इतके आठवडे खोटी दुरुस्ती करता करता त्याचा त्या दुरुस्तीवर खरंच विश्वास बसला होता.

मास्तर उठले. वाद्य तोंडाला लावलं आणि माझ्या लग्नात वाजवलं होतं तेच सुरू केलं. खालचे सूर गोड आले. पाहुण्यांचे मोबाइल वर झाले. मग चाल वर चढायला लागली. मास्तरांनी मान मागे टाकली, गालाचे स्नायू आवळले, एक कर्कश चीत्कार निघाला आणि त्यांच्या तोंडातून काहीतरी निसटून माउथपीसवर आपटलं आणि लेथखालच्या काळ्या कचऱ्यात जाऊन पडलं.

मास्तर एका हातात वाद्य धरून, दुसरा हात तोंडावर दाबून उभे होते. त्यांचे डोळे मला अजून दिसतात. दादा खाली वाकला, कचऱ्यातून ती कवळी उचलली, फुंकर मारली, चाव्या पुसायच्या फडक्याने पुसली आणि तळहातावर धरली. मुलुंडचे काका चष्मा वर करून पुढे झाले.

"हे काय? हस्तिदंत?"

"हो," दादा म्हणाला.

माझा भाऊ माझ्या आठवणीत खोटं बोललेला नाही. बोलतच कमी, त्यामुळे संधी मिळाली नसेल.

"पण हस्तिदंताला बंदी आहे ना?" एक बाई म्हणाली.

"जुना माल आहे."

"कुठे बसतो हा पार्ट?" काकांनी विचारलं.

"वर. अजून नीट बसलेला नाही."

"व्हिंटेज," मीनल हळूच म्हणाली आणि तिने फोटो काढला. मग इतरांनीही काढले. काकांनी सगळ्यांना सांगितलं की जुन्या काळी सुराला ऊब यावी म्हणून टोकाला हस्तिदंत बसवत असत. ते ऐकून दोघी-तिघींनी मान डोलावली. दादाने कवळी फडक्यात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवली, लेथवर एबोनाइटची नवी कांडी चढवली आणि मोटर चालू केली. काहीही न बोलता तो नुसता कापत राहिला. गंधकाचा वास असा पसरला की पाच मिनिटांत गाळा मोकळा झाला. मीनलने जाताना नाकाला रुमाल लावून थँक्यू म्हटलं.

मोटर बंद झाली. मास्तर स्टुलावर बसले होते, हात तोंडावरच.

"सगळ्यांका दिसला," ते म्हणाले.

"त्यांना काही दिसलं नाही," मी म्हटलं. "आम्हाला मात्र पहिल्या दिवसापासून दिसतंय."

मास्तरांनी दादाकडे बघितलं. "आणि तरी तुम्ही गाद्यो बदलत रवलात?"

"तू घेऊन येत होतास," दादा म्हणाला.

मास्तरांनी हात खाली घेतला. नुसत्या हिरड्या. वरचे जे तीन-चार दात होते तेही डॉक्टरने कवळीसाठी काढून टाकले होते. ज्या दातांवर त्यांचा वरचा सूर टेकायचा ते कुठल्या तरी दवाखान्याच्या कचऱ्यात गेले, आणि ते का काढले, तर नातवाच्या लग्नात फोटो चांगले यावेत म्हणून. हे त्यांनीच सांगितलं. सून प्रेमाने घेऊन गेली होती, त्यामुळे तिला शिव्यासुद्धा देता येत नव्हत्या.

मी म्हटलं, "मास्तर, कवळीशिवाय वाजवा. वरचा ओठ हिरडीवरून आत दुमडा आणि माउथपीस त्यावर टेकवा."

"बोळक्या तोंडान लोकांपुढे कसो उभो रवू?"

"मग दात लावून खुळखुळा हलवा. फोटो झकास येतील."

दादा म्हणाला, "सुले." पण मी जे बोलले ते बोलले. इतके आठवडे माझ्या चांगल्या गाद्या उपटल्याचा तो राग होता. मास्तर असे भडकले की मला वाटलं, वाद्य माझ्या डोक्यात घालतात. त्यांनी ते तोंडाला लावलं.

आधी नुसता वारा गेला. मग काहीतरी बोबडं वाजलं. मास्तरांनी ओठ परत दुमडला, डोळे मिटले, परत फुंकलं. सूर आला. पूर्वीचा धारदार सूर नव्हता तो. जाड होता, भरलेला होता, जरासा घोगरा होता. चाल वर चढली तशी मी माझ्या टेबलाची कड धरली. वरचा सूर लागला, हळू लागला, पण फाटला नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. दादा कांडीवरचा कचरा झटकत राहिला. त्या कांडीवर झटकायला काही उरलेलं नव्हतं.

एक गाणं संपलं आणि मास्तरांनी वाद्य खाली घेतलं. ओठ सुजून लाल झाला होता. दाताच्या जागी ओठ वापरायचा तर तो एवढंच सोसतो. पुढचं गाणं त्यांनी सुरू करून बघितलं, चार सुरांत ओठ सुन्न झाला. दादा म्हणाला, "एक होतंय." मास्तर म्हणाले, "एक होता." ड्रॉवरमधली कवळी फडक्यासकट कोटाच्या खिशात टाकून ते तसेच प्रॅक्टिसला गेले.

त्यांचं आणि बाळाशेठचं काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही. तेवढे सभ्य आम्ही अजूनही आहोत. त्या दिवसांत आमचा फोन मात्र सारखा वाजत होता. मीनलने फोटो टाकला होता, खाली लिहिलं होतं की जोगेश्वरीतल्या एका छोट्या गाळ्यात अजून हस्तिदंती भागाचं क्लॅरिनेट मिळतं. एका गृहस्थाने तो भाग वेगळा विकत मिळेल का असं विचारलं. मी सांगितलं, मापाने बनवावा लागतो, तोंड घेऊन या. ते आले नाहीत. मुलुंडचे काका मात्र आले. आपल्या वाद्याला तोच भाग बसवून हवा, म्हणजे काटा हिरवा होईल. दादाने त्यांना गंभीरपणे सांगितलं की त्यासाठी आधी स्वतःचे सगळे दात काढावे लागतात. काकांनी विचार करून सांगतो म्हटलं, आणि माझी खात्री आहे की घरी जाऊन त्यांनी खरंच विचार केला असणार.

तुळशीचं लग्न झाल्यावर असल्फ्याला बाळाशेठच्या बँडची पहिली वरात होती. दादा कधी वरात बघायला जात नाही. आपलं वाद्य रस्त्यावर कसं वागवतात ते बघवत नाही म्हणतो. त्या संध्याकाळी तो स्वतःहून शर्ट बदलून उभा राहिला. आम्ही मेट्रोच्या खांबाला टेकून फुटपाथवर उभे होतो.

हॉलच्या दारात नवरा गाडीतून उतरला आणि मास्तर पुढे आले. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झिरमिळ्या आणि आत ओढलेलं बोळकं तोंड, लायटिंगच्या उजेडात सगळ्यांना स्पष्ट दिसेल असं. दोन पोरी एकमेकींना कोपर मारून हसल्या. मास्तरांनी ओठ दुमडला आणि वाजवायला सुरुवात केली. घाटकोपरच्या गॅलऱ्यांना आता काचा आहेत आणि आत एसी आहेत, त्यामुळे कुणी बाहेर आलं असं मी लिहिणार नाही. दारातली माणसं मात्र थांबली. हसणाऱ्या पोरी हसायच्या थांबल्या. वरचा सूर लागला तेव्हा नवऱ्याच्या आईने डोक्यावरचा पदर नीट केला. एवढंच झालं आणि मला ते पुरलं.

गाणं संपलं. मास्तरांनी वाद्य शेजारी ठेवलेल्या त्याच्या पेटीत ठेवलं, गर्दीकडे पाठ केली, खिशातून आमचं फडकं काढलं, आणि परत वळले तेव्हा तोंडात दात होते. कीबोर्डची हातगाडी दणदणत पुढे सरकली. मास्तर सगळ्यात मागे गेले आणि मागच्या म्हाताऱ्याच्या हातातले खुळखुळे घेऊन हलवायला लागले. मला त्या कीबोर्डवर बादलीभर पाणी ओतावंसं वाटलं. चिडून मी मास्तरांकडे बघितलं तर ते आमच्याकडेच बघत होते. नवऱ्याच्या दोन मावश्यांनी त्यांना फोटोसाठी मध्ये घेतलं होतं, आणि ते हसत होते. तोंडावर हात नव्हता. वरची सगळीच्या सगळी पांढरी रांग बाहेर काढून, मान मागे टाकून ते आमच्याकडे बघून हसले. खुळखुळे त्यांनी डोक्याच्या वर धरले होते आणि मुद्दाम तालाबाहेर हलवत होते, हे आमच्या दोघांशिवाय तिथे कुणाला कळलं नसेल.

वरात आत गेली. दादा खांबाला टेकून अजून तिकडेच बघत होता. मला वाटलं, आता तरी हा माणूस काहीतरी बोलेल.

"मागून अजून उचलतेय," तो म्हणाला.

"काय?"

"कवळी. हसताना दिसलं. सांग त्याला, उद्या गाळ्यावर घेऊन ये म्हणावं. आतून बुचाची पट्टी लावून देतो."